दारू सुटली, की पायच उचलेना?

संपादक महोदय,

‘अमुक औषधाने उंदरांची दारू सुटली’ अशा बातम्या अधूनमधून येतात. औषध डोपामिनवर (मेंदूत निरोप पोचवणारे एक रसायन) काम करणारे असेल, तर छापण्याआधी एवढेच विचारावे : त्या दिवशी उंदीर पाणी किती प्यायला?

हॅलोपेरिडॉलसारखे डोपामिन अडवणारे औषध जास्त झाले की उंदीर जागच्या जागी थिजतो. त्याचे पुढचे पाय उचलून आडव्या दांडीवर ठेवा, ते खाली घेण्याचीही हालचाल करत नाही. असा उंदीर दारू कमी पिणारच! दारू घटली, पण पाणी किंवा सॅकरिनचे गोड पाणी पूर्वीइतकेच राहिले, तरच ओढ कमी झाली म्हणता येते.

मोजमापही नाजूक. नेहमीची पद्धत दोन बाटल्यांची : एकीत पाणी, दुसरीत 10 टक्के अल्कोहोल. उंदराला एका बाजूची सवय लागते, म्हणून बाटल्यांच्या जागा बदलत राहायच्या. 400 ग्रॅमचा उंदीर त्यातले 10 मिलिलिटर प्यायला, तर पोटात गेलेले शुद्ध अल्कोहोल 1 मिलिलिटर, म्हणजे 0.79 ग्रॅम, वजनाच्या किलोमागे सुमारे 2 ग्रॅम. पिंजऱ्याला धक्का लागून नळीतून 1 मिलिलिटर गळाले की आकडा दहा टक्क्यांनी फुगला. त्यासाठी रिकाम्या पिंजऱ्यालाही बाटल्या लावून गळती वजा करतात. (साधा उंदीर मुळात दारूला फारसे तोंड लावत नाही. आधी साखर घालून प्यायला लावायचे, मग साखर हळूहळू काढायची.)

खरी गंमत पुढे आहे. अमेरिकेतल्या एका मांडणीत उंदराने कळ 30 वेळा दाबली की दारूची नळी 20 मिनिटे समोर येते. मेंदूतल्या न्यूक्लियस अक्युम्बन्स या भागात रॅक्लोप्राइड हे डोपामिन अडवणारे औषध सोडले, तर कळ दाबणे घटते; नळी समोर आली की पिणे मात्र जवळपास तेवढेच. म्हणजे मिळवण्याची धडपड आणि प्रत्यक्ष पिणे या दोन गोष्टी वेगळ्या. दारूने याच भागात डोपामिन वाढते, हे 1988 मध्ये इटलीत दिसले होते. पण 1993 मध्ये अक्युम्बन्समधले डोपामिनचे चेतातंतू नष्ट केले, तरी उंदरांचे पिणे कमी झाले नाही. जनुक काढून डी-2 ग्राहक (पेशीवरची डोपामिन ज्यांना चिकटते ती एक प्रकारची प्रथिने) नाहीसे केलेले उंदीर दारू कमी पितात. आणि अक्युम्बन्समध्ये हेच ग्राहक वाढवले, तरीही पिणे घटते. ‘डोपामिन अडवा, दारू सोडवा’ हा हिशेब इथेच फसतो.

तेव्हा अशा बातमीत निदान मात्रा (किलोमागे किती मिलिग्रॅम) आणि पाण्याचा आकडा द्यावा. अर्धवट बातमी वाचून घरचे लोक पिणाऱ्याच्या चहात गुपचूप गोळी मिसळतात, हा धोका खरा आहे. हॅलोपेरिडॉलने माणसाचीही मान आणि जबडा आखडतो, आणि गोळीचे कुणी सांगितलेच नाही, तर डॉक्टरला कारण लवकर सापडत नाही.

आपले,
औषधशास्त्राचे दोन अध्यापक, पुणे