वाइंडिंग शिकवणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या आपल्या शॉपमध्ये तुमच्या हाताखाली कितीतरी बायका-मुली शिकल्या. मी माझ्यापुरतं लिहिते आहे, पण उघड लिहिते आहे. ट्रान्सफॉर्मरची कॉइल गुंडाळायला शिकवणाऱ्या माणसाचे आभार चारचौघांत कुणी मानत नाही, आणि ते मानायला हवेत.

मी कामाला लागले ती घरात पगार हवा होता म्हणून. कॉइल गुंडाळायची, पाळी भरायची, बसने दांडिया बाजारला घरी यायचं. ती कॉइल पुढे कुठे जाते, ते मला ठाऊक नव्हतं. तुम्ही माझं बोट धरून ॲल्युमिनियमच्या पट्टीच्या कडेवरून फिरवलंत. एका जागी कुसळासारखं बारीक टोक लागलं. "हे कागद फाडतं," तुम्ही म्हणालात. "कागद फाटला की वेढ्याला वेढा भिडतो, तिथे तापतं आणि अख्खी कॉइल जळते. हा ट्रान्सफॉर्मर 63 केव्हीए क्षमतेचा आहे, 11 हजार व्होल्ट घेऊन 433 देणार. यावर शेतातल्या मोटरी चालतील. ऐन हंगामात जळला, तर दुसरा बसेपर्यंत उभ्या पिकाला पाणी नाही." 2003 साली सुरू झालेल्या गुजरातच्या ज्योतिग्राम योजनेत गावाची आणि शेतीची वीज वेगळ्या फीडरवर, म्हणजे वेगळ्या वीजवाहिनीवर गेली, शेतीला थ्री-फेज वीज ठरावीक तासच मिळते, हेही तुमच्याकडूनच कळलं. त्या दिवसापासून मी पट्टी बोटाने तपासल्याशिवाय चढवली नाही.

दुरुस्तीला आलेला जळका ट्रान्सफॉर्मर उघडताना तुम्ही मला मुद्दाम बोलावून घ्यायचात. काळ्या कागदाचा हातात चुरा व्हायचा, जळलेल्या तेलाचा वास नाकात बसायचा. तुम्ही एकेक वेढा उलगडत सुरुवात कुठून झाली ते दाखवायचात. ती कॉइल कुणी गुंडाळली होती, हे तुम्ही कधीच विचारलं नाहीत.

मग मीच प्रश्न विचारू लागले. तेलात सोडण्याआधी ओव्हनमध्ये का वाळवायचं? कागद हवेतला ओलावा धरतो आणि ओला कागद व्होल्टेज सोसत नाही. एवढं आवळून का बांधायचं? लाइनवर शॉर्ट सर्किट झालं की वेढ्यांवर प्रचंड जोर येतो, सैल कॉइल जागची सरकते. डिस्पॅचची घाई असतानाही तुम्ही हातातलं काम ठेवून उत्तर द्यायचात.

कामात मन रमव, असं सगळेच सांगतात. माझं मत असं, की हे काम कुणाच्या उपयोगी पडणार आहे ते दिसल्याशिवाय मन रमत नाही. आणि नुसतं ते दाखवून पगार तेवढाच ठेवला, तर तोही अन्यायच. तुम्ही माझ्या पगारासाठी ऑफिसात भांडलात. टेस्टिंगला बाई कशाला, असं विचारणाऱ्यांना एवढंच म्हणालात, "तिला कॉइल आतून माहीत आहे."

आज 11 केव्हीच्या बाजूला चाचणीसाठी 28 केव्ही, म्हणजे 28 हजार व्होल्ट देऊन मिनिटभर मीटरवर नजर ठेवणं माझं काम आहे. ट्रान्सफॉर्मर पास झाला की मला अजूनही तितकाच आनंद होतो.

सध्या दोन नव्या मुली माझ्याकडे शिकताहेत. दिवाळीआधी एकदा शॉपमध्ये या, काका. एक जळकी कॉइल बाजूला काढून ठेवली आहे, ती त्यांच्यासमोर उलगडा. तुमच्याइतक्या लवकर नेमकी जागा मला अजून सापडत नाही.

आपली,
टेस्टिंग बेंचवरची तुमची विद्यार्थिनी
वडोदरा