वाड्याचे दार जळणात नको, दारात हवे

संपादक महोदय,

सोलापुरात सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात पडतो आणि काळ्या मातीचा चिखल चपलांना चिकटून थेट घरात येतो. दाराशी चपला, छत्र्या, दप्तरे, हेल्मेट यांचा ढीग साचतो, म्हणून लोक भुशाच्या बोर्डाचे बंद कपाट आणतात. त्यात ओली चप्पल वाळत नाही, चामड्याला बुरशी येते आणि कपाटाचा तळ पाणी पिऊन फुगतो. इकडे पेठांतले वाडे पाडताना सागवानी दारे जळणाच्या भावाने जातात, याचे वाईट वाटते. त्यातले एक दार आणि उरलेली शहाबादी फरशी एवढ्यावर चार फूट बाय तीन फुटांत दाराशी चपलांचा बाक आणि खुंट्यांची पक्की सोय होते.

फरशी खडबडीत बाजू वर ठेवून बसवा. गुळगुळीत बाजूवर ओला पाय घसरतो. उतार बाहेरच्या दिशेने, फुटाला पाव इंच. तो घराकडे गेला तर पाणी उंबऱ्यात मुरून चौकट कुजते.

लाकूड घेताना पेचकसाने टोचून पाहा. टोक सहज आत गेले किंवा पिठासारखा भुसा गळला, तर ते दार सोडून द्या. खिळे एकूण एक उपटा. जुन्या ऑइल पेंटबाबत मात्र विशेष काळजी हवी. रंगातील शिशाची ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते. कोरडा पॉलिश पेपर मारू नका. पाणी लावून घासा, मास्क बांधा, लहान मुलांना लांब ठेवा आणि खरवड पिशवीत भरा.

बाक १७ इंच उंच, १४ इंच रुंद. चपलांसाठी खाली सलग फळी नको. पट्ट्यांमध्ये इंचभर फट ठेवली की चिखल वाळून खाली पडतो. पायांखाली फरशीचे तुकडे द्या, नाहीतर लाकूड ओल ओढते. मातीच्या भिंतीत प्लग टिकत नाही, म्हणून खुंट्या बाकाच्याच उभ्या चौकटीत ठोका: मोठ्यांसाठी पाच फुटांवर, मुलांसाठी तीन फुटांवर. शेवटी जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात. तेलाची चिंधी गोळा करून टाकू नका, ती आपोआप तापून पेटू शकते, पसरून वाळवा.

पाडकाम करणाऱ्यांनी दारे-फळ्या वेगळ्या काढाव्यात आणि महापालिकेने त्यांच्या विक्रीसाठी एखादी मोकळी जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सोलापूर