रोलिंग स्टार्टला दोन रेघा आणि एक लाइट तरी लावा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्याकडे जळगाव-धुळ्याकडची इंजिनिअरिंगची पोरं आता स्वतः पाइप कापून, वेल्डिंग करून गो-कार्ट (एका माणसाची छोटी, उघडी रेसची गाडी) बनवतात, रेस लावतात, चांगलंच आहे. पण मागे आमच्या भागातल्या एका कॉलेजची रेस बघितली आणि तिथला स्टार्ट बघून डोक्याला हात लावला. कॉलेजचं नाव घेत नाही, मुद्दा स्टार्टचा आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कार्टची रेस बहुतेक वेळा चालत्या गाडीवरच सुरू होते. दोन-दोनच्या जोडीने एक राउंड हळू मारायचा, रांग नीट दिसली की सिग्नल, मग फुल रेस. याला रोलिंग स्टार्ट म्हणतात, अमेरिकेतली इंडियानापोलिसची मोठी रेस १९११ पासून अशीच सुटते. कार्टमध्ये याचं कारण साधं आहे, बऱ्याच रेसिंग कार्टला क्लचच नसतो, गाडी थांबली की इंजिन बंद. गिअरवाल्या कार्ट मात्र उभ्या जागेवरून सोडतात. आता आपल्या पोरांच्या कार्टला बाइकचं इंजिन, क्लच सगळं असतं, मग उभंच राहून सोडा की असं कोणी म्हणेल, पण एकाची जरी गाडी लाइनवर बंद पडली तर मागचा सरळ त्याच्या पाठीत, आणि कार्टमध्ये माणूस जमिनीला जवळजवळ टेकूनच बसलेला असतो. म्हणून रोलिंगच बरा, पण तो नीट घ्या ना भो!

त्या दिवशी काय झालं, सगळ्यात पुढचा पोरगा मनाला येईल तसा चालवत होता, मध्येच रेस द्यायचा, मध्येच ब्रेक. टीव्हीवर फॉर्म्युला वन बघून टायर गरम करायला नागमोडी चालवणारे दोघं-तिघं होतेच. झेंडा म्हणून हिरवं फडकं, आणि ते धरणारा भाऊ मंडपाच्या सावलीत, मागच्यांना तो दिसतच नव्हता. फडकं हललं तेव्हा शेवटच्या जोड्या अजून वळणातच होत्या. पुढे पहिल्याच वळणावर तीन कार्ट एकमेकांत घुसल्या, एकाचा टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंगपासून चाकाला जाणारा दांडा, असा वाकला की चाक बाहेर बघत होतं. अख्खं सेमिस्टर वर्कशॉपमध्ये घालवलेली पोरं ट्रॅकच्या कडेला बसून राहिली, आणि आयोजक म्हणे रेसमध्ये असं होतंच.

होतंच कसं काय? हिशोब करा. २० कार्ट म्हणजे १० जोड्या. एक कार्ट साधारण २ मीटर लांब, मध्ये २ मीटर अंतर ठेवलं तर सगळी रांग ४० मीटरच्या आत बसते. तेच अंतर १० मीटर झालं की रांग गेली ११० मीटरवर, आणि आपल्या ट्रॅकची सरळ पट्टी असते का तेवढी? मग मागचे वळणातच राहणार, आणि ते अंतर भरून काढायला पहिल्या वळणावर उडी मारणार. म्हणजे धडक मागच्याने दिली तरी तिचं कारण पुढे असतं, पोल पोझिशनवाल्याने, म्हणजे सगळ्यात पुढून सुटणाऱ्याने, एकसारखा कमी स्पीड ठेवला नाही तिथे.

जागतिक कार्टिंगमध्ये यावर कधीच नियम झालेत. दोन रांगांसाठी ट्रॅकवर पट्टे आखलेले असतात, पट्टा सोडला की टाइम पेनल्टी, म्हणजे शिक्षा म्हणून वेळेत सेकंद वाढवतात. स्टार्ट लाइनच्या २५ मीटर आधी पिवळी रेघ असते, तिथपर्यंत स्पीड वाढवायचा नाही. लाल लाइट चालू असेपर्यंत रांगेतली जागा सोडायची नाही, लाइट विझला की रेस सुरू, आणि रांग वाकडी दिसली तर नारिंगी लाइट लावून सगळ्यांना अजून एक राउंड मारायला लावतात. २०१५ पासून तर पुढचं प्लास्टिकचं बंपर असं बसवतात की धक्का दिला की ते आत सरकतं, आणि सरकलेलं दिसलं की ५ सेकंद पेनल्टी. हे बंपर आपल्याला परवडणार नाही, कबूल, पण चुन्याच्या रेघेला किती खर्च येतो?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तो नारिंगी लाइट. बैलगाडी शर्यतीत एखादी जोडी आधी सुटली तर धुऱ्यावर बसलेली म्हातारी माणसंसुद्धा ओरडतात आणि जोडी परत लावायला लावतात. इथे मात्र प्रमुख पाहुणे बसलेत, ऊन वाढतंय, उशीर होतोय म्हणून कशीही रांग असली तरी फडकं हलवून मोकळे. स्टार्ट देणाऱ्याला परत फिरवायचा पूर्ण अधिकार द्या, आणि तो माणूस सर लोकांपैकी कोणी नको, ज्याने स्वतः कार्ट चालवलीय असा बघा. पुन्हा पुन्हा तीच गाडी खोड्या करत असेल तर तिला शेवटच्या रांगेत पाठवा, बाकीचे आपोआप सरळ चालतात. स्टार्ट लाइन पण शेवटच्या वळणापासून लांब घ्या, म्हणजे शेवटची जोडी सरळ पट्टीवर आल्यावरच लाइट विझवता येईल.

आणि हे सगळं रेसच्या आदल्या संध्याकाळी पोरांना ट्रॅकवर नेऊन, रेघ दाखवून सांगा, उद्घाटनाच्या भाषणात नको. या हिवाळ्यात जे कोणी रेस भरवणार असतील त्यांना लाइटचा खांब आमच्या गॅरेजमधून वेल्डिंग करून फुकट देऊ, वायरिंग त्यांनी करून घ्यावं.

आपला,
एक गॅरेजवाला वाचक, भुसावळ