तुझ्या पोत्यात कांदे नाहीत, कापूस आहे

ती. स्व. काकूंना,
कोपरखैरण्याहून सादर नमस्कार.

माझ्या ॲनिमेशन फिल्मच्या शेवटी तुमचं नाव घालायचं नाही, असं तुम्ही मला बजावलं होतं. मी ऐकलं. या पत्रातही ते नाही. पण आभार मानू नकोस, असं तुम्ही म्हणाला नव्हतात, आणि ते मला चारचौघांत मानायचे आहेत. सतरा वर्षं तुम्ही जाहिरातपटांसाठी सेल, म्हणजे ॲनिमेशनच्या चित्रांची पारदर्शक पानं, रंगवलेत. जाहिरातीला श्रेयनामावली नसते. बिस्किटाच्या पुड्यातून उडी मारणारा तो ससा कुणाच्या हातचा होता, हे टीव्ही बघणाऱ्या कुणाला कधी कळलं नाही. तुम्ही काय करत होतात आणि मला काय दिलंत, एवढं तरी कुठेतरी लिहिलेलं राहू दे.

ठाण्यातल्या गोखले रोडवरचं ते स्टेशनरीचं दुकान आठवतं? मी पातळ कागदाची दोन रिमं मागत होते आणि कागदांना अगदी एकाच जागी भोकं पाडणारं पंचिंग मशीन आहे का, म्हणून दुकानदाराला तिसऱ्यांदा विचारत होते. तुम्ही मागे उभ्या होतात, हातात ड्रॉइंगच्या वह्या. म्हणालात, "ॲनिमेशन करतेस का गं? मग नुसत्या पंचने काय होणार, पेग बारही घे." पेग बार म्हणजे भोकं पाडलेले कागद एकाच जागी बसवून धरणारी खुंट्यांची पट्टी. हा शब्द मी त्याआधी फक्त व्हिडिओत ऐकला होता. नौपाड्यातल्या एका दुकानात, कॉटनची साडी नेसलेल्या, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांसाठी वह्या घ्यायला आलेल्या बाईंच्या तोंडून तो येईल, असं मला स्वप्नातही वाटलं नसतं.

त्या वेळी माझी अवस्था काय होती, ते मी तुम्हाला कधी धड सांगितलं नाही. मी ॲनिमेशनचा अकरा महिन्यांचा कोर्स संपवला होता. फीसाठी आप्पांनी पतपेढीतून कर्ज काढलं होतं. वर्षभरात तीन मास्तर बदलले. तयार बाहुली मिळायची. तिचा हात इथे ठेवायचा, मग तिथे ठेवायचा, मधलं सगळं संगणक भरून द्यायचा. मी चांगले गुण मिळवून पास झाले. आणि मी बनवलेलं एकही माणूस जमिनीवर उभं आहे असं वाटायचं नाही. काय चुकतंय ते कळत नव्हतं, म्हणून मी ठरवलं की कागदावर, हाताने, एक फिल्म करून बघायची: पोतं उचलणारा एक माणूस, दोन मिनिटं, बस्स.

पहिल्या मंगळवारी तुमच्याकडे आले. 9-10 नंबर फलाटावर उतरून नौपाड्यापर्यंत चालत येताना पिशवीतले चाळीस कागद मी छातीशी धरले होते. तुम्ही ते डाव्या हातात घेतलेत, अंगठ्याने भराभरा सोडलेत. पुन्हा एकदा. मग चष्मा काढून पुसलात आणि म्हणालात, "तुझ्या पोत्यात कांदे नाहीत, कापूस आहे."

मला रडू आलं होतं, काकू. तुम्हाला दिसलं असणार, कारण तुम्ही चहा टाकायला आत गेलात. परत येऊन विचारलंत, वडील काय करतात. मी "मार्केटला आहेत" असं म्हणाले. कोर्सला असताना मी एवढंच सांगायची, लोक व्यापारी समजायचे. तुम्ही थांबलात, तेव्हा मला पुढचं बोलावं लागलं: माथाडी आहेत, तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात, एकतीस वर्षं झाली. तुम्ही कप खाली ठेवलात. "मग माझ्याकडे कशाला आलीस? घरात मास्तर बसलाय की."

त्या वाक्याचे आभार मी सगळ्यांत आधी मानते.

आप्पा आधी तयारच होत नव्हते. "आमचं काय शूटिंग करतीस, पोरी?" शेवटी मुकादमकाकांनी परवानगी दिली आणि मी पहाटे चारला आप्पांच्या टोळीबरोबर गाळ्यावर गेले. पहिल्या दिवसाचं सगळं चित्रण वाया गेलं, मोबाइलमध्ये काळे पट्टे सरकत होते. आपल्याकडची वीज 50 हर्ट्‌झची, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होते. कॅमेऱ्याचा शटर त्याच्याशी जुळला नाही की पट्टे येतात. शटर सेकंदाच्या 1/50 वर बांधून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी चित्र स्वच्छ आलं. अकरा महिन्यांत हे कुणी सांगितलं नव्हतं.

मग घरी येऊन एकेक फ्रेम पुढे ढकलत बघितलं. दोघं जण पोत्याचे कान धरून ते आप्पांच्या पाठीवर देतात. 50 किलोच्या आसपासचं वजन. माझ्या कागदांवर पोतं पाठीला टेकल्यापासून चौथ्या फ्रेमला माणूस चालायला लागत होता. आप्पांचा पाय उचलेपर्यंत 19 फ्रेम जात होत्या. मी तीन-तीनदा मोजल्या. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे जवळजवळ पाऊण सेकंद माणूस जागचा हलत नाही, आणि तेवढ्यात केवढं काय घडतं! पोतं टेकायच्या आधीच ते वाकलेले असतात. गुडघे दबतात, टाचा जमिनीत रुततात, मान खांद्यात जाते. आतले कांदे सरकतात आणि पोत्याचा खालचा भाग फुगतो, तेव्हा कंबर किंचित डावीकडे जाते. मग पाऊल, तेही जमिनीला घासत, कारण पाय उंच उचलायची चैन त्यांना परवडत नाही. थप्पीवर पोतं टाकल्यावर आपल्याला वाटतं माणूस लगेच ताठ होईल. होत नाही. पोतं सुटतं, हात रिकामे होतात, आणि पाठ मात्र सगळ्यांत शेवटी, सावकाश वर येते.

मी लहानपणापासून आप्पांच्या पाठीला तेल लावत आले आहे. ती पाठ मी त्या रात्री पहिल्यांदा पाहिली.

पुढच्या मंगळवारी तुम्ही डोप शीट आखायला शिकवलंत. उभे रकाने, प्रत्येक ओळ म्हणजे एक फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरायचं, म्हणजे सेकंदाला बारा चित्रं पुरतात, पण वेग आला की प्रत्येक फ्रेमला नवं चित्र. तुमची लाल पेन्सिल त्या शीटवर जास्त करून एकच शब्द लिहायची: "थांबव." इथे चार थांबव. इथे सहा. मला वाटायचं, न हलणारं चित्र म्हणजे आळस. तुम्ही कागद हातात धरून फडफडवून दाखवायचात आणि थांबलेल्या जागी ते पोतं खरोखर जड व्हायचं.

तुमच्या स्वतःच्या कामाबद्दल तुम्ही फार कमी बोललात. जे बोललात ते मी त्याच रात्री वहीत उतरवून ठेवलंय. ॲसिटेटच्या पारदर्शक सेलवर पुढच्या बाजूने रेषा आणि रंग मागच्या बाजूने, म्हणजे ब्रशचे फराटे दिसत नाहीत. बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून सुती हातमोजे, त्यांची दोन बोटं कापलेली. आणि ज्याने मी थक्क झाले ते म्हणजे लाल रंगाच्या चार बाटल्या. एकावर एक सेल ठेवले की खालच्या सेलचा रंग जरा मळकट दिसतो. म्हणून त्याच सदऱ्यासाठी सगळ्यांत खालच्या थराला वेगळा लाल, त्यावरच्याला वेगळा. कॅमेऱ्याखाली चारही एकच दिसले पाहिजेत. संगणकात आज एक कोड टाकला की रंग भरतो. तुम्ही तो फरक डोळ्यांनी ओळखायचात. नव्वदच्या दशकात रंगवण्याचं काम संगणकावर गेलं आणि तुमचा स्टुडिओ बंद पडला, हे तुम्ही एका वाक्यात सांगितलंत आणि विषय बदललात. मला त्या एका वाक्याचं अजून वाईट वाटतं.

मटार सोलायची ती दुपार तर मी विसरणारच नाही. तुम्ही एक दाणा हातात धरून विचारलंत, "दादासाहेब फाळक्यांनी याचं काय केलं माहितेय?" मला 1913 चा 'राजा हरिश्चंद्र' माहीत होता. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी कुंडीत दाणा पेरला, तो कसा उगवतो ते एकेक फ्रेम करून टिपलं आणि तेवढीशी फिल्म दाखवून भांडवल उभं केलं, हे माहीत नव्हतं. म्हणजे मी मोबाइल स्टँडला लावून जे करते, तेच! पण तुम्हाला खरं सांगायचं होतं ते सरस्वतीबाईंबद्दल. कोऱ्या फिल्मला भोकं पाडायला त्या शिकल्या, ती धुवायला शिकल्या, आणि घरचं सगळं बघून हे करत होत्या. "भोकं सरळ नसतील तर चित्र पडद्यावर थरथरतं," तुम्ही म्हणालात आणि आत जाऊन कापडात गुंडाळलेला तुमचा पेग बार घेऊन आलात. पोलादी पट्टी, मधे एक गोल खुंटी, दोन्ही बाजूंना दोन चपट्या. तेव्हापासून तो माझ्याकडे आहे. माझी चित्रं थरथरत नाहीत.

कागद झाले की मी ते मोबाइलवर टिपून संगणकात घ्यायची. ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यातच जोडणी केली. तुम्हाला त्याचं फार कौतुक नव्हतं, पण ओनियन स्किन मात्र आवडलं: मागचं आणि पुढचं चित्र फिकट दिसत राहतं आणि त्यांच्यामध्ये आपण नवं काढतो. पूर्वीच्या पातळ, आरपार दिसणाऱ्या कागदावरून ते नाव पडलंय, हे तुम्हीच सांगितलंत. घरी मी आप्पांना दाखवलं. कांद्याची साल म्हणतात याला, असं सांगितल्यावर ते खुर्ची ओढून शेजारीच बसले. माझ्या कामात त्यांना आपली अशी पहिली गोष्ट सापडली होती. त्या रात्रीपासून ते रोज विचारायला लागले, "आज किती कागद झालं?"

एकूण 1,100 झाले. आवाजासाठी मी पुन्हा मार्केटला गेले: पोतं थप्पीवर पडल्याचा आवाज, हातगाडीची चाकं, मापाड्याची हाळी. आणि सगळे चहाला गेल्यावर रिकाम्या गाळ्याचा अर्धा मिनिट. संकलन करताना दोन आवाजांमध्ये पोकळी राहते, ती भरायला तोच उपयोगी पडला.

फी विचारली की तुम्ही दरवेळी म्हणायचात, "पुढच्या मंगळवारी बघू." सात महिन्यांत मी तुमच्याकडे फक्त कांदे आणले. तेही तुम्ही दोन किलोच्या वर ठेवून घेतले नाहीत.

आता मुख्य गोष्ट. परवा रात्री घरी फिल्म लावली. आई, मी, आप्पा आणि टोळीतले चार काका, चाळीच्या एका खोलीत, छोट्या स्क्रीनसमोर. पोतं पाठीवर आलं तेव्हा मी स्क्रीनकडे बघितलंच नाही, आप्पांकडे बघत होते. त्यांचा उजवा खांदा खाली गेला, काकू. बसल्या जागी. शेजारच्या दोन काकांचाही गेला.

फिल्म संपल्यावर कुणी काही बोललं नाही. आप्पांनी पुन्हा लावायला सांगितली, आणि तिथे आल्यावर स्क्रीनला बोट लावून म्हणाले, "हितं आजून जरा थांबव. हितं मी श्वास घेतो."

मी उठून डोप शीट काढली. त्याच ओळीवर तुमची लाल पेन्सिल होती: "चार थांबव." तीन आठवड्यांपूर्वीची. लय बिघडेल असं वाटून मी ते केलं नव्हतं. रात्रीच बसून केलं.

डोळ्यांची पट्टी शुक्रवारी निघेल असं तुमच्या सूनबाई फोनवर म्हणाल्या. डॉक्टरांनी स्क्रीन बघायला हो म्हटल्याशिवाय घाई करू नका. मी मंगळवारी नेहमीच्या वेळेला येते. आप्पाही येणार आहेत, त्यांनी त्या दिवशीचा खाडा आत्ताच सांगून ठेवलाय. पेग बार परत आणू की दुसरी फिल्म होईपर्यंत ठेवू, ते तेव्हा सांगा.

तुमची,
मंगळवारची विद्यार्थिनी