आधी पोराचं पान, शाळेचं नाव शेवटी

रेडिंग, इंग्लंड
रविवार

ती. दादा आणि सौ. वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

तुझा मेसेज मिळाला. आपल्या सोन्यासाठी कोल्हापुरातल्या तीन शाळांची नावं, फी, घरापासूनचं अंतर आणि खाली एकच ओळ, ‘तू तिकडं शाळेतच काम करतीस, सांग कुठली?’ फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू नुसतं ‘हं, हं’ म्हणतोस आणि नंतर वहिनींनी विचारलं की वन्सं काय म्हणाल्या, तर तुला अर्धंच आठवतं. म्हणून लिहितेय. दोघांनी बसून वाचा.

कुठली शाळा ते आत्ता नाही सांगणार. का ते ऐक.

आपल्या सोन्यासारख्या, ऑटिझम म्हणजे स्वमग्नता असलेल्या मुलांचा इथं एक आराखडा करतात. २०१४ च्या कायद्यातला आहे. आपल्या महापालिकेसारखी जी इथली कौन्सिल असते ती करते आणि गरज असेल तर पोरगं पंचवीस वर्षांचं होईपर्यंत तो चालतो. त्याचे ए पासून के पर्यंत भाग असतात. ए मध्ये मूल आणि आईबाप काय म्हणतात ते. बी मध्ये अडचण नेमकी काय. एफ मध्ये त्यासाठी काय मदत द्यायची. शाळेचं नाव पार पुढं, आय मध्ये. कच्चा कागद पालकांच्या हातात येतो तेव्हा ती जागा कोरी असते, कोरीच ठेवायची असा नियम आहे. बाकीचं वाचून झाल्यावर पालकांनी सांगायचं, आम्हाला अमुक शाळा पाहिजे. इथल्या पुष्कळ गोष्टींवर मी वैतागलेली असते, पण हा क्रम मला मनापासून पटलाय. तुम्ही उलट्या बाजूनं निघालाय. आधी तीन नावं, आणि मग त्यातल्या कुठल्या नावात पोरगं बसतंय ते बघायचं.

तर वहिनी, पहिलं पान तुम्ही लिहा. दादा नको, तो ‘हुशार आहे पण बोलत नाही’ एवढं लिहून मोकळा होईल. कुकरच्या शिट्टीला कान दाबतो. गर्दीत हात सोडून पळतो. पाणी पाहिजे असलं की हात धरून माठाकडं नेतो, तोंडानं मागत नाही. शी-शू कशी सांगतो. कशानं बिथरतो, किती वेळ, आणि कशानं निवतो. डब्यात काय खातो आणि कशाला हातसुद्धा लावत नाही. आणि जे येतं तेही लिहा. केएमटीच्या सिटी बसवरचे आकडे वाचतो, पझल जुळवतो, एकदा दाखवलेला रस्ता विसरत नाही. डॉक्टरांच्या रिपोर्टात ऑटिझम लिहिलंय, ‘मध्यम’ लिहिलंय, ते बरोबरच आहे. पण तो रिपोर्ट वाचून पहिलीच्या बाईंना सकाळी अकरा वाजता काय करायचं ते कळत नाही. तुमचं पान वाचून कळेल.

दुसरं पान मदतीचं. इथल्या नियमावलीत लिहिलंय की मदत मोघम लिहायची नाही. कोण देणार, आठवड्यातून किती वेळा, किती वेळ, हे आकड्यांत पाहिजे. तुला तिन्ही शाळांत ‘काळजी करू नका, आम्ही लक्ष देऊ’ हेच ऐकायला मिळालंय. ते ऐकून तू खूश होऊन घरी आलास. परत जा आणि विचार, लक्ष देणार म्हणजे कोण? वर्गबाईच, की आणखी कोणी? त्या रजेवर गेल्या तर? याआधी असं मूल होतं का, ते रडून लोळायला लागलं तेव्हा काय केलंत? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐक. ‘आमच्याकडं असं काही होत नाही’ म्हणणाऱ्या शाळेपेक्षा ‘झालं होतं, आम्हाला जमलं नाही, मग आम्ही असं केलं’ म्हणणारी बाई केव्हाही बरी.

आता तुझ्या तीन शाळा.

हायवेपलीकडची इंग्लिश मीडियम. बाहेर बोर्डावर सर्वसमावेशक वगैरे लिहिलंय, एसी वर्ग, बस. आणि आत गेल्यावर सोन्याची परीक्षा घेतली, तुमची मुलाखत घेतली, ‘शॅडो टीचर, म्हणजे वर्गात त्याच्या एकट्याच्या शेजारी बसणारी बाई, तुमची तुम्ही आणा, पगार तुम्हीच द्या’ म्हणाले. दादा, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या तेराव्या कलमात प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला आणि डोनेशन घ्यायला बंदी आहे. अल्पसंख्याक शाळा या कायद्यातून सुटल्यात, बाकीच्या नाहीत. चाळणी लावली तर पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि पुढं प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे. तू भांडायला जा म्हणून हे सांगत नाही. ज्या शाळेत आत शिरतानाच पोरगं ओझं वाटतंय, तिथं रोजचे पाच-सहा तास त्याचं काय होईल ते तूच ठरव. शॅडो टीचर म्हणून बारावी झालेली एखादी पोरगी बसवतात. ती त्याच्या वहीत लिहून टाकते, वही भरते, आईबाप खूश. इथंसुद्धा हे बघते मी. मोठं माणूस सारखं चिकटून बसलं की दुसरी पोरं त्याच्या जवळ येत नाहीत आणि बाईसुद्धा त्याला विसरतात.

आणि भाषा. दोन भाषा कानावर पडल्या म्हणून ऑटिझम वाढत नाही, बोलणं अडत नाही. घरी फक्त इंग्लिश बोला असं इकडं आपल्या लोकांना पूर्वी सांगायचे, आता शहाणे थेरपिस्ट सांगत नाहीत. पण घरात कुणीच बोलत नाही अशा भाषेत पहिलं वाक्य जुळवायला लावणं वेगळं. सोन्या जे पंचवीस-तीस शब्द बोलतो ते आईचे मराठी शब्द आहेत. त्याला ‘वॉटर’ शिकवण्यात वर्ष घालवायचं की ‘पाणी दे’ म्हणायला शिकवण्यात?

गल्लीच्या टोकाची महापालिकेची शाळा. तू तिचं नाव यादीत शेवटी लिहिलंस, तेही आबांनी सांगितलं म्हणून. पट कमी आहे म्हणून तुला ती पडकी वाटते. मला तर तेच आवडलं. वीस पोरांच्या वर्गात बाईंना सोन्या दिसेल, साठांत दिसणार नाही. घरापासून चालत, म्हणजे रिक्षा नको, व्हॅनमधली रेटारेटी नको, काही झालं तर वहिनी पाच मिनिटांत पोचतात. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून अशा मुलांसाठी विशेष शिक्षक असतात, पण ते बऱ्याचदा फिरते असतात. एकाकडं कितीतरी शाळा. सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये प्राथमिकला अशा दहा मुलांमागं एक आणि उच्च प्राथमिकला पंधरांमागं एक विशेष शिक्षक असावा असं सांगितलंय. कागदावर ते आहे. तू मात्र शिक्षण विभागात जाऊन विचार की आपल्या शाळेत ते नेमके कुठल्या वारी येतात. वार सांगता आला नाही तर येत नाहीत असं धर.

या शाळेत एक गोष्ट मात्र डोळ्यांनी बघून ये. फाटक. मधल्या सुट्टीत ते उघडं असतं का, तिथं कोण उभं असतं? ऑटिझमची पुष्कळ मुलं हात सोडून निघून जातात आणि पाण्याकडं ओढली जातात. बुडण्याचा धोका यांच्यात इतर पोरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. आणि आपल्याकडं गल्ली संपली की रंकाळा तलाव. एसी नसला तर चालेल, कडी पाहिजे. त्याला पोहायला शिकवा हेही याच पत्रात सांगून टाकते.

दुसरं, परिपाठाला एक दिवस मागं उभा राहा. लाउडस्पीकर, ढोल, दोनशे पोरं एका सुरात ओरडतात. कुकरच्या शिट्टीला कान दाबणारं पोरगं तिथं कसं टिकेल? आमच्याकडं अशा मुलांना कानावर लावायला हेडफोनसारखं असतं, ते घातलेलं मूल कुणाला विचित्र वाटत नाही. तुमच्या बाईंना एवढंच विचार, परिपाठ होईपर्यंत तो वर्गात बसला तर चालेल का? ‘चालेल की’ म्हणाल्या तर ती शाळा निम्मी पास. दिवसभरात काय काय होणार त्याची चित्रं मी त्याच्यासाठी करून पाठवते. प्रार्थना, गणित, खिचडी, खेळ, घर. झालेलं चित्र उलटं करायचं. पुढं काय येणार हे दिसलं की ही मुलं निम्मी शांत होतात. याला पैसे पडत नाहीत, पुठ्ठा आणि फेव्हिकॉल लागतो.

तिसरी, शेंडा पार्कातली विशेष शाळा, चेतना. तिचं नाव कोल्हापुरात सगळ्यांना माहीत आहे, आणि त्या नावाला आई घाबरते हेही मला माहीत आहे. आईला म्हणावं, आधी एक सकाळ आत जाऊन बस. तिथल्या बायांना जे येतं ते आपल्या गल्लीतल्या बाईंना येणार नाही. मूल ओरडलं तर त्या दचकत नाहीत. लहान गट असतात, बटण लावण्यापासून सगळं पायरीपायरीनं शिकवतात. विशेष शिक्षकाकडं आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी क्रमांक असतो, तो विचार, त्यात कुणाला राग यायचं कारण नाही. माझी शंका दुसरीच आहे. सोन्याला आकडे येतात, अक्षरं ओळखतो. तिथं त्याच्या पुढं त्या बाबतीत कोण असेल? बोलणारी पोरं आसपास किती? ही पोरं एकमेकांचं बघून शिकतात, चांगलं आणि वाईट दोन्ही. तिथं बारा-चौदा वर्षांची मुलं दिवसभर काय करतात तेही बघ, कारण तू शाळा आजच्यापुरती निवडत असलास तरी तो तिथं मोठा होणार आहे. आणि एकदा गेला म्हणजे कायमचा गेला असं धरू नका. इथं आराखडा दर वर्षी उघडून बघावाच लागतो. तुम्हीही दर एप्रिलमध्ये ती दोन पानं काढा आणि बघा, शाळा अजून बसतेय का.

अपंगत्व हक्क कायदा २०१६ चा. त्यात २१ प्रकार आहेत आणि ऑटिझम त्यात आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, आपल्या पसंतीनं. कलम ३१. म्हणजे निवडणार तुम्ही. पण त्यासाठी सीपीआरला, सरकारी दवाखान्यात, जाऊन प्रमाणपत्र काढावं लागेल, आणि तिथंच तुझं अडलंय. ‘शिक्का बसेल’ म्हणालास. दादा, शिक्का शेजाऱ्यांनी कधीच मारलाय, आपण फक्त त्याचा फायदा घेत नाही आहोत. पुढं दहावीला जादा वेळ, लेखनिक हे सगळं या कागदावरच मिळतं. नसिमा हुरजूक दीदींनी १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही अपंगांसाठीची संस्था आपल्याच कोल्हापुरात उभी केली, व्हीलचेअरवर बसून. त्या गावात राहून आपण एका कागदाला भ्यायचं?

आणि ‘तिकडं घेऊन जा त्याला, तिकडं चांगलं आहे’ हे आईचं पालुपद. पुतण्याला शाळेसाठी असं आणता येत नाही, हे एक. दुसरं, इथंही रांगा आहेत. आराखडा २० आठवड्यांत झाला पाहिजे असा कायदा आहे, आणि अलीकडच्या वर्षांत जेमतेम निम्मेच वेळेत होतात. विशेष शाळा भरलेल्या. मनासारखी शाळा मिळाली नाही की लोक ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे दाद मागायच्या न्यायाधिकरणात, जातात, बहुतेक जण जिंकतातही, पण तोवर पोराचं वर्ष जातं. आमच्या शाळेत अशीही मुलं आहेत ज्यांची आई नोकरी सोडून नुसते अर्ज लिहीत बसलीय. इथं नियम लिहून ठेवलेत, त्याचा उपयोग होतो, एवढंच.

आई आणखी एक म्हणते, अजून वर्षभर घरीच ठेवू. तिला सांग, शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला रुपया दंड होता. आजीला सूट असल्याचं मी ऐकलेलं नाही.

माझा कल तुला कळला असेलच. सकाळी गल्लीतली शाळा, सुरुवातीला दोनच तास, आणि आठवड्यातून दोन-तीन दुपारी स्पीच थेरपी (बोलण्यासाठी) आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं जमण्यासाठी). पण फाटक, परिपाठ आणि विशेष शिक्षकाचा वार, यातलं एकही जमलं नाही तर मी विशेष शाळेच्या बाजूची. इंग्लिश मीडियमचे पैसे थेरपीला ठेव. वहिनींना गल्लीतल्या बाई पटल्या नाहीत तर मात्र माझं काही ऐकू नका. त्या रोज त्याला फाटकात सोडणार आहेत, मी नाही.

शाळा बघायला जाताना दोघं जा, आणि सोन्याला पहिल्या वेळी नेऊ नका. बाहेर पडलात की फाटकाशी थांबलेल्या आयांशी बोला, मुख्याध्यापक सांगणार नाहीत ते त्या सांगतील. वहिनींचं पान झालं की फोटो काढून पाठव, अक्षर कसंही असू दे. मी पुढच्या रविवारी वाचून ठेवते, मग फोन करू.

आईआबांना नमस्कार. सोन्याला बसच्या आकड्यांचं चित्र वेगळ्या पाकिटातून पाठवलंय.

तुझी,
धाकटी

ता. क. प्रमाणपत्र हातात आलं की केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ आरोग्य विम्याचा अर्ज भर. वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचाही काही खर्च बसतो. सीपीआरला जाण्याआधी यूडीआयडीच्या, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्राच्या, पोर्टलवर नोंदणी करून जा. आधार आणि सोन्याचा फोटो लागेल. फोटोला तो बसत नाही हे माहीत आहे, आंघोळीनंतर बघ, तेव्हा जरा निवांत असतो.