काका, ब्रायन टिमिससाठी थँक यू

प्रिय काका,

फोनवर थँक यू म्हटलं की तुम्ही "अगं सोड ते" म्हणून विषय बदलता, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितेय. लेकाला शाळेत इथल्या, म्हणजे कॅनडातल्या हॅमिल्टन शहराच्या, जुन्या फुटबॉल खेळाडूवर प्रोजेक्ट मिळाला आणि आमच्या घरात फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा तो, बस. इथला हातात धरून पळायचा, तीन डाऊनमध्ये, म्हणजे तीन प्रयत्नांत, दहा यार्ड पुढे जायचं, हे मला चार वर्षं इथे राहूनही कळलं नव्हतं. तुम्ही भर बर्फात आलात, डायनिंग टेबलवर शेंगदाणे मांडलेत, इकडे बारा तिकडे बारा, त्यातला एक उचलून तिथे काजू ठेवलात आणि म्हणालात, हा ब्रायन टिमिस, आता बघ.

त्याच्या सुरुवातीच्या काळात तिथे बॉल पुढे फेकायला परवानगीच नव्हती, त्यामुळे टिमिस बॉल पोटाशी धरून सरळ समोरच्या खेळाडूंच्या भिंतीत घुसायचा, आणि तेही हेल्मेट न घालता! हे ऐकून पोराने पेन्सिल खाली ठेवली आणि तुमच्याकडे बघतच राहिला, ते मला अजून डोळ्यासमोर दिसतंय.

हॅमिल्टन टायगर्स या टीमकडून 1928, 1929 आणि 1932 असे तीन ग्रे कप (इथल्या फुटबॉलचा सगळ्यात मोठा कप), आणि तिन्ही वेळा समोर रेजायना, म्हणजे तो आधी जिथे खेळला तेच गाव, त्यात 1928 ला तर 30-0! मग 1943 ला, ऐन युद्धात, कोच म्हणून हॅमिल्टनच्याच दुसऱ्या टीमला, फ्लाइंग वाइल्डकॅट्सना, तोच कप जिंकवलं, विनिपेगच्या एअर फोर्सच्या टीमला 23-14 हरवून. पण मला सगळ्यात भारी वाटलं ते तुम्ही जाता जाता सांगितलंत ते, की 1950 ला टायगर्स आणि वाइल्डकॅट्स एक झाले आणि हॅमिल्टनच्या आजच्या टीमचं टायगर-कॅट्स हे नाव तिथून आलं. म्हणजे टिमिस दोन्ही घरचा माणूस की! रोज बसमध्ये लोकांच्या टोप्यांवर ते नाव बघायचे, कधी विचारच केला नाही.

शनिवारी स्वतः गाडी काढून त्याच्या नावाचं छोटं स्टेडियम होतं ती जागा दाखवायला नेलंत, आता तिथे ते नाहीये तरी तुम्ही थंडीत उभं राहून हाताने सगळं दाखवत होतात, त्याबद्दल खरंच खूप खूप आभार काका.

चार्ट तयार झालाय. चित्रात बाकी सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट आहे, टिमिसचे नुसते केस उडतायत. सोमवारी शाळेत द्यायचाय पण तुम्हाला दाखवल्याशिवाय साहेब तो हातातून सोडायला तयार नाहीत, तेव्हा रविवारी काकूंना घेऊन जेवायलाच या.

तुमची शेजारीण