महेश्वरच्या रिसॉर्टमध्ये आजारी कुत्र्याला खोलीत राहू न दिल्याबद्दल तक्रार

इंदूर, दि. ९ एप्रिल २०२५

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख,
मुख्य कार्यालय, पुणे

महोदय,

आपल्या महेश्वरजवळच्या रिसॉर्टमध्ये ५ एप्रिलच्या शनिवारी आमच्या दोन खोल्या आरक्षित होत्या. पैसे आगाऊ भरले होते, कुत्र्याचे म्हणून वेगळे दीड हजार रुपयेही आपण घेतले होते. तरीही ती रात्र आम्हाला तिथे काढता आली नाही. तिथल्या व्यवस्थापकांना सांगून झाले, आपल्या ग्राहक सेवेला फोन करून झाला. ‘कळवतो’ यापलीकडे काही हाती लागले नाही. आपले मुख्य कार्यालय पुण्यात आहे, म्हणून मराठीतच सविस्तर लिहिते आहे.

आमचा बंड्या पॉमेरेनियन आहे, तेरा वर्षांचा. त्याच्या हृदयाची डावीकडची झडप गळते. लहान जातीच्या कुत्र्यांना म्हातारपणी हा आजार पुष्कळदा होतो. गोळ्यांनी तो बरा होत नाही, आटोक्यात राहतो. सकाळ-संध्याकाळ हृदयाची गोळी उपाशीपोटी द्यायची, आणि फुप्फुसात पाणी साचू नये म्हणून लघवी होण्याची गोळी. या दुसऱ्या गोळीने तहान फार लागते. पाण्याचे भांडे रिकामे राहून चालत नाही आणि थोड्या थोड्या वेळाने त्याला बाहेर न्यावे लागते. रात्री तो गाढ झोपला की मी त्याच्या बरगड्यांकडे बघत श्वास मोजते. मिनिटाला तीसच्या आत असले तर ठीक, वर जायला लागले तर डॉक्टरांना फोन. आमच्या घरात हे मोजणे सांजवातीसारखे नेमाचे झाले आहे.

अशा जिवाला घेऊन बाहेर पडायचे तर सगळे आधी विचारून घ्यावे लागते. माझ्या सासूबाईंना महेश्वरला जायचे होते. अहिल्याबाईंचा वाडा, घाट, नर्मदेची संध्याकाळची आरती हे सगळे गुडघे साथ देत आहेत तोवर पुन्हा एकदा बघायचे, असे त्या पाडव्यापासून म्हणत होत्या. मुलगी आणि जावई बडोद्याहून येणार होते. बंड्याला दुसरीकडे ठेवायची सोय नव्हती, कारण परक्या जागी तो खात नाही. म्हणून ‘आपला लाडका सोबती आपल्याच खोलीत’ अशी आपली जाहिरात बघून मी फोन केला. त्याचा आजार सांगितला. खोलीत एसी चालू राहील ना, खोली तळमजल्यावर मिळेल ना, कुत्रा रात्री आमच्याजवळच राहील ना, हे खोदून खोदून विचारले. तिन्हीला ‘हो मॅडम’ असे उत्तर मिळाले, आणि त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर तसा मजकूरही आला. तो या पत्राला जोडला आहे.

आम्ही भर दुपारी पोचलो. इंदूर पठारावर आहे. मानपूरचा घाट उतरून निमाडात आले की हवाच बदलते, आणि एप्रिलच्या दुपारी तर नर्मदाकाठची फरशीसुद्धा चटके देते. स्वागतकक्षात सांगण्यात आले की कुत्रा खोलीत चालणार नाही, त्याच्यासाठी ‘पेट झोन’ आहे. तो मी स्वतः जाऊन पाहिला. जनरेटरच्या मागे, पत्र्याच्या छपराखाली जाळीचे पिंजरे. खाली सिमेंट, पंखा नाही. स्टीलचे भांडे होते, त्याच्या तळाशी जुन्या पाण्याचा पांढरा डाग वाळलेला. शेजारच्या पिंजऱ्यात कुणाचा तरी मोठा कुत्रा सारखा भुंकत होता.

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, जिभेवाटे तो शरीरातली उष्णता बाहेर काढतो. पॉमेरेनियनच्या अंगावर दुहेरी केस असतात, आणि हृदय थकलेले असले की धापा टाकणे हेच त्या हृदयावर ओझे होते. त्या पत्र्याखाली बंड्या तासभरही टिकला नसता. हे मी फोनवर आपल्या व्यवस्थापकांना शांतपणे समजावून सांगितले. त्यांचे उत्तर असे : “मॅडम, कुत्ता तो बाहर ही रहता है ना?” ज्या कुत्र्याला खोलीत ठेवण्याचे पैसे घेतले, त्याच्याबद्दल हे बोलणे मला फार लागले. नियम बदलला असेल तर आम्ही इंदूरहून निघण्याआधी एक फोन करता आला असता.

मग आमची सहल गाडीत झाली. एसी चालू ठेवून एकाने बंड्याजवळ बसायचे, बाकीच्यांनी सासूबाईंना खोलीत जरा आडवे होऊ द्यायचे. संध्याकाळी घाटावर जायला निघणार तोच तो खोकू लागला. तो कोरडा, घशात काहीतरी अडकल्यासारखा खोकला आम्ही ओळखतो. जरा डोळा लागल्यावर मी श्वास मोजले तर ते चाळीसच्या वर गेले होते. हिरड्या गुलाबी होत्या, म्हणजे अंगाला प्राणवायू मिळत होता, एवढाच धीर. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले आमचे डॉक्टर त्याला पिल्लू असल्यापासून बघतात. त्यांनी फोनवरच लघवीच्या गोळीची एक जादा मात्रा द्यायला सांगितली आणि रात्रीतच इंदूरला आणा म्हणाले. सासूबाईंना आरती मिळाली नाही. जाम घाटातला अहिल्याबाईंचा दरवाजा त्यांना उतरून बघायचा होता, तोही अंधारात मागे गेला. गाडीत त्या बंड्याच्या पाठीवर हात ठेवून बसल्या होत्या आणि “माझ्यापायी झालं हे सगळं” असे म्हणत होत्या. त्यांनी स्वतःला दोष द्यावा असे त्यांचे काय चुकले, हे आपण मला सांगावे.

बंड्या आता घरी आहे. औषधाची मात्रा वाढवावी लागली आहे, ती पुन्हा कमी होईल की नाही हे डॉक्टर तपासण्यांनंतर सांगतील.

आपल्या स्वागतकक्षातल्या मुलाबद्दल माझी तक्रार नाही, हेही लिहायला हवे. त्याने न सांगता बर्फ आणि ओला टॉवेल आणून दिला. त्याला यात गोवू नये.

कुत्र्यांना खोलीत घ्यायचे नाही असे एखाद्या रिसॉर्टने ठरवले तर तो त्यांचा हक्क आहे. तसे फोनवर सांगितले असते तर मी आभार मानून दुसरी सोय पाहिली असती. आपण ‘हो’ म्हणालात, त्या ‘हो’वर विसंबून आम्ही एका आजारी जिवाला निमाडाच्या उन्हात घेऊन आलो, हे माझे गाऱ्हाणे आहे.

तेव्हा दोन्ही खोल्यांचे पूर्ण पैसे आणि कुत्र्यासाठी घेतलेली रक्कम परत करावी. त्या रात्रीचा डॉक्टरांचा खर्च द्यावा. पावती जोडली आहे. ती जाहिरात काढावी, किंवा कुत्रा कुठे ठेवला जाईल हे तिच्यात स्पष्ट लिहावे. आणि सगळ्यात आधी ते पत्र्याखालचे पिंजरे बंद करावेत. मे महिना तोंडावर आहे आणि पुढच्या कुटुंबाला कदाचित श्वास मोजायचे ठाऊकही नसेल.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर यावे. न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मी राहते त्या इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दिशाभूल करणारी जाहिरात आणि सेवेतील त्रुटी याबद्दल तक्रार दाखल करीन. पिंजऱ्यांची छायाचित्रे आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर माझ्याकडे जपून ठेवला आहे.

आपली ग्राहक,
(सही)
सुदामानगर, इंदूर